माणसं नसलेले फोटो

२०२३ साली, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, गुरुवारी, मी माझ्या मुलाचा फोन साफ केला. पुढे जे झालं ते सगळं त्या दिवसापासून मोजावं लागतं, म्हणून तारीख आधी लिहिली.

तारखा माझ्या ध्यानात राहतात. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईला मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. कुठल्या पोराचं वजन कुठल्या महिन्यात घटलं, कोणाला गोवर कधी आला, हे मी वही न उघडता सांगायची. आमचं घराणं धनगरांचं. माझ्या वडिलांकडे दोनशे मेंढरं होती. संध्याकाळी मेंढरं वाड्यात बसली की ते मोजायचे नाहीत, नुसते त्यांच्यातून फिरून तोंडं बघायचे आणि सांगायचे, "ती कानफाटी मागं राहिली." माझी स्मरणशक्ती त्यांच्यावर गेली असावी. आमचे मालक गेले, मग मीही निवृत्त झाले आणि दौंडला मुलाकडे, मल्हारकडे, राहायला आले.

मल्हार कुरकुंभच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. काम तीन पाळ्यांचं. घरात सून साधना, ती शिलाई करायची, आणि नात अंकिता, तेव्हा सातवीत होती. भाड्याच्या दोन खोल्या, मागून रेल्वेचे रूळ. गाडी गेली की भांडी वाजायची, पण मल्हार झोपला असला तर आम्ही एकमेकींशी खुणांनी बोलायचो. पाळी करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम होता. आमच्या चाळीत निम्म्या घरांत तोच नियम असेल.

त्या सुमाराला मल्हारचा फोन भरून गेला होता. कंपनीतली हजेरी फोनवरून लागायची. गेटवर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा, तो पुढे गेला की हजेरी झाली. फोनमध्ये जागा नसली की ते ॲप उघडायचंच नाही. त्या आठवड्यात तो दोनदा कामावर असून गैरहजर लागला. गुरुवारी सकाळी नाईट करून आला तो वैतागूनच.

"आई, तुला येळ हाय ना? ह्यातलं जरा कमी कर," तो म्हणाला.

"मला न्हाई जमायचं. भलतंच काहीतरी दाबलं जाईल."

"एकतीस वर्षं रजिस्टरं ठेवलीस की. हेबी तसंच."

साधना मशीनवरून म्हणाली, "आत्यांनाच द्या. माझ्या हातात दिलात तर तुमचे ढाब्यावरचे सगळे आधी उडवीन."

"म्हणून तर तुला देत न्हाई."

"काय काय काढू?" मी विचारलं.

तो आडवा झाला होता. "काढ काय काढायचं ते. आपल्या माणसांचे तेवढे राहू दे." असं म्हणून त्यानं तोंडावर चादर ओढली.

मी चष्मा पुसून दारात उजेडाला बसले. सहा हजार दोनशे चौदा फोटो होते. आधी गुड मॉर्निंगचे काढले, मग सणांच्या शुभेच्छांचे, मग एकाच्या जागी आठ-आठ आलेले. अंकिताच्या स्नेहसंमेलनाचे दीडशे होते, त्यातले चाळीस ठेवले. हळूहळू मला ते काम आवडायला लागलं. माणसांची तोंडं बघत बसायची, नीट आलेलं ठेवायचं, डोळे मिटलेलं काढायचं.

एक फोटो मी बराच वेळ बघितला. चार फेब्रुवारीचा. मल्हार आणि बाळासो बॉयलरच्या खोलीत डबे उघडून बसलेत आणि कशाला तरी खदखदून हसतायत. बाळासो आमच्या कवठ्याचा, शेवंताबाईचा एकुलता एक. माझ्याच अंगणवाडीत होता. आदल्या दिवाळीत मल्हारनंच त्याला ठेकेदाराकडून कामाला लावलं होतं, मदतनीस म्हणून. रविवारी कधी जेवायला यायचा आणि तीस वर्षांचा गडी मला म्हणायचा, "बाई, तुमच्या सुकडीची चव अजून जिभेवर हाय." मी म्हणायची, "खोटं बोलू नकोस, तू निम्मी सुकडी कोंबड्यांना टाकायचास." तो फोटो अर्थातच ठेवला.

मग उरले ते माणसं नसलेले. त्यात नळ्या होत्या, काटे असलेली गोल घड्याळं होती, गंजलेल्या बोल्टांची एक जोडणी होती आणि तिच्याखाली ओल. तीच जोडणी पुन्हा पुन्हा, अकरा वेळा. आणि एका वहीची पानं, नऊ. मी साधनाला जवळ बोलावून हळूच विचारलं, "ह्या नळ्यांचं काय करू?"

ती कुजबुजली, "दिवसभर नळ्याच बघायच्या, आन् फोटोबी नळ्यांचेच. द्या टाकून." आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो.

मी त्याला उठवून विचारू शकत होते. तो सहा हातांवर झोपला होता.

का विचारलं नाही ते सांगते. आमच्या काळी फोटो म्हणजे माणसाचाच. १९७४ साली माझं लग्न झालं, त्याचे तीन फोटो आहेत. शिरूरला बाजाराच्या दिवशी स्टुडिओत जायचं, केसांना तेल लावून, श्वास धरून उभं राहायचं. वडिलांचा एक फोटो आहे, त्यांच्याबरोबर एकही मेंढरू नाही. स्टुडिओवाल्यानं आत येऊ दिलं नाही आणि वडिलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वस्तूचा फोटो कोणी काढतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. वहीचा तर नाहीच. वही असते की.

वहीचं एक पान मात्र मी वाचलं, मल्हारचं अक्षर होतं म्हणून. १७ जानेवारी, सेकंड शिफ्ट. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मेन लाइनच्या जॉइंटला गळती. सुपरवायझरना कळवले.' खाली त्याची सही आणि शेजारी निळ्या शाईत दुसरी सही. अक्षर अजून पूर्वीसारखंच गोल काढतो, एवढंच माझ्या मनात आलं. मग ते पान काढून टाकलं. मग बाकीची.

एवढं करूनही जागा मोकळी होईना. फोननं सांगितलं की काढलेले फोटो बिनमध्ये तीस दिवस राहतात, जागा आत्ता हवी असेल तर बिन रिकामा करा. मी कधी काम अर्धवट ठेवलं नाही. मार्चअखेरची रजिस्टरं एकतीस वर्षं एकतीस मार्चलाच दिली. फोननं पुन्हा विचारलं, हे कायमचे जातील, नक्की का. मराठीत विचारलं होतं. मी हो म्हटलं.

तीन वाजता मल्हार उठला आणि फोन बघून खूश झाला. "अकरा जीबी रिकामं केलंस? तुला कंपनीतच घ्याया पायजे, आई." त्यानं फोटो उघडून बघितले नाहीत. हजेरीचं ॲप उघडतंय का तेवढं बघितलं. उघडत होतं.

पंधरा तारखेला, बुधवारी, तो फर्स्ट शिफ्टला होता. चारला यायचा तो सातला आला. शर्ट दुसऱ्याच कोणाचा तरी होता.

"बाळासो भाजला," तो म्हणाला. "जॉइंट फुटला. वाफ अंगावर गेली. पुण्याला नेलाय."

साधनानं पाणी दिलं. ते तसंच हातात धरून तो बोलत राहिला. महिनाभर तो जॉइंट गळत होता. आतली चकती, गॅस्केट, बदला म्हणून तो सांगत होता. एकदा फोटो ग्रुपवर टाकला, तर सुपरवायझर बबनरावांनी फोन करून सांगितलं, असलं ग्रुपवर नको, वहीत लिही. म्हणून त्यानं तो ग्रुपवरून काढून टाकला आणि पुढे वहीतच लिहायचा. आज अपघातानंतर दोन तासांत टेबलावर नवी वही आली होती. जुनी भरली म्हणे. भरलेली कुठं आहे ते कोणाला सांगता येईना. नव्या वहीत गळतीचं नावसुद्धा नव्हतं.

"आता म्हणतील, मल्हारनं कळवलं न्हाई, दोरी बांधून जागा बंद केली न्हाई, आन् माणूस खालनं जाऊ दिला," तो म्हणाला. "म्हणू द्या. बाळ्या बरा होऊ दे. मला कायबी होत न्हाई. मी सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत. वहीचेबी."

मी कोपऱ्यात डाळ निवडत होते. त्यानं फोन उघडायच्या आधीच मला कळलं होतं.

तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. "आई, ह्यात नळ्यांचे फोटो व्हते."

"व्हते."

"कुठं टाकलेस?"

"काढले."

"बिनमधी असतील."

"तेबी काढले."

साधना म्हणाली, "बॅकअप असंल ना?" बॅकअप दिवाळीपासून बंद होता. तिथलीही जागा भरली होती. तशी सूचना रोज यायची आणि तो रोज बाजूला सारायचा.

मल्हार पेला खाली ठेवून भिंतीला टेकला. मी म्हटलं, "मला काय माहीत रं." तो म्हणाला, "तुला कसं माहीत असणार. मीच म्हणलो व्हतो."

दुसऱ्या दिवसापासून मी फोन घेऊन फिरले. दौंडात स्टेशनकडच्या रस्त्याला तीन दुकानं आहेत. तिसऱ्यानं फोन तासभर ठेवून घेतला आणि परत देताना विचारलं, "कोणी साफ केलाय हो, आजी?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "लोकांना एवढं नीट जमत नाही." तो चेष्टा करत नव्हता. मग सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. तिथंही तेच.

एकोणीस तारखेला, रविवारी, बाळासो गेला.

चौथ्या दिवशी शेवंताबाईचा फोन आला. शेवंता माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मोलमजुरी करून तिनं पोराला वाढवलं. आवाज बसला होता. "गीता आक्का, बाळाचा एखादा चांगला फोटो हाय का तुमच्याकडं? दशक्रियेचा फ्लेक्स करायचाय. आधार कार्डावरचा वळखूबी येत न्हाई."

मी म्हटलं, "हाय." आणि तो हसरा फोटो तिच्या पुतण्याच्या फोनवर पाठवला. आठवड्याभरात पहिल्यांदा आपल्या हातून कोणाच्या तरी उपयोगाचं काही झालं, असं मला वाटलं.

दशक्रियेला मी आणि साधना गेलो. मल्हारला कंपनीनं चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं आणि तो कोणाला तोंड दाखवायला तयार नव्हता. नदीकाठी मंडप, प्रवचन चाललेलं, आणि मधोमध फ्लेक्स. शिरूरच्या फ्लेक्सवाल्यानं मल्हारला कापून टाकलं होतं, पण बाळासोच्या खांद्यावरचा त्याचा हात तसाच राहिला होता. मागे बॉयलरच्या नळ्या दिसत होत्या. बबनराव पांढऱ्या शर्टात पुढच्या रांगेत बसले होते. मंडप उठल्यावर ते शेवंताच्या पुतण्याला म्हणाले, "मूळ फोटो पाठव मला. कंपनीतर्फे मोठी तसबीर करून देतो." तसबीर त्यांनी खरंच करून दिली, काचेची, सागवानी चौकटीची.

आणि तो फोटो चौकशीच्या फायलीत लागला. तारीख चार फेब्रुवारी, वेळ दहा चाळीस. कामाच्या वेळेत ऑपरेटर आणि मदतनीस नळीखाली डबे उघडून हसत बसलेले. एवढा जॉइंट गळत होता म्हणता, तर मग त्याच्याखाली बसून जेवलात कसे? चौकशीत मल्हारला हे विचारलं. तो म्हणाला, बसायला दुसरी जागा नव्हती. फोटोत जॉइंट दिसत नाही. मी तो फोटो मोठा करून करून बघितलाय. जॉइंटच्या बरोबर पुढे बाळासोचं डोकं आहे.

मार्चमध्ये शेवंतानं पोलिसांत तक्रार दिली, मल्हारच्या नावानं. तिला कोणी काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ऐकलं असतं. मी एसटीनं शिरूरला गेले आणि तिथून कवठ्याला. शेवंता दारात ज्वारीची कणसं बडवत होती. थांबली नाही.

"बस की," ती म्हणाली.

मी खालीच बसले. "मल्हारनं लिहून दिलं व्हतं, शेवंता. वहीत. त्याचे फोटोबी व्हते."

"मग दाव."

"आता न्हाईत. मी पुसले."

"कवा?"

"आधीच. सहा दिवस आधी."

तिनं हातातलं दांडकं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आधीच कसं कळलं तुला, पुसायचं हाय म्हणून?"

"फोनमधी जागा नव्हती."

"माझ्या बाळाचा तेवढा ठेवलास."

"मी माणसांचे सगळे ठेवले, शेवंता. देवाशप्पत. ज्यात माणूस नव्हतं ते काढले."

"तुझ्या मल्हारला वाचवायला काय काढायचं आन् काय ठेवायचं, ते तू बघितलंस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मीबी आई हाय. मी तुला बोल लावत न्हाई. पण आता माझ्या दारात येऊ नकोस."

ती मला नेहमी अहो-आक्का म्हणायची. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा तू म्हणाली. बाळासो तीन वर्षांचा असताना जुलाबानं सुकला होता, तेव्हा मी आणि ती मिळून त्याला आळीपाळीनं साखरमिठाचं पाणी पाजत दोन दिवस बसलो होतो. अकरा किलोवरून नऊ किलो आठशेवर आला होता. हे तिला आठवत असेल. मी उठले.

पोलिसांपुढे जबाब द्यायला मी आपण होऊन गेले. साहेब तरुण होते, नीट बोलले, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. जॉइंटचे अकरा फोटो, वहीची नऊ पानं, प्रत्येक पानावरची तारीख, कुठली पाळी, कुठल्या पानावर दुसरी सही होती आणि कुठल्यावर नव्हती. एक पान मी वाचलं होतं आणि बाकीची काढता काढता नजरेखालून गेली होती, पण नजरेखालून गेलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. सत्तर वर्षांत मला त्याचा कधी त्रास झाला नव्हता. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, "आजी, आई मुलासाठी बोलणारच. पण ह्यातलं दाखवण्यासारखं काय आहे?"

मल्हारच्या वकिलांना तो जबाब वाचून वाईट वाटलं. माझ्यासमोरच मल्हारला म्हणाले, "ह्यांना पुढं आणायचं नाही. ह्या वयाच्या बाईला नऊ तारखा पाठ कशा, असं विचारतील. पढवल्यासारखं वाटतं. थोडं विसरल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि फोटो पुसले हे त्यांच्याच तोंडून आलं, तर पुरावा नष्ट केला म्हणतील."

मी विचारलं, "मग मी काय करू?"

"काही करू नका, मावशी," ते म्हणाले.

त्याला आता बरीच वर्षं झाली असं वाटतं, पण तितकी झालेली नाहीत.

तो जॉइंट अपघातानंतर चार दिवसांत बदलला. बॉयलर चालू आहे. बबनराव दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले, निरोपाचा समारंभ झाला. चौकशीत त्यांनी सांगितलं की अशी सही केल्याचं त्यांना आठवत नाही. दौंडच्या बाजारात एकदा समोर आले, मला हात जोडले आणि भाजीवाल्याकडे वळले.

साधनानं शिलाई मशीन विकलं. ती कुरकुंभच्याच दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, पहाटे सहाच्या बसनं. नळ्यांवर आम्ही दोघी हसलो होतो, हे तिनं अजून मल्हारला सांगितलेलं नाही. मीही नाही. अंकिताला शिरूरला मामाकडे ठेवलंय, शाळेत पोरं काहीबाही विचारायची म्हणून. सुट्टीत येते आणि लवकर परत जाते.

शेवंताबाई २०२५ च्या आषाढात वारली. मला कोणी कळवलं नाही. नवव्या दिवशी भाजीवालीकडून कळलं. दशक्रियेला जाऊ की नको, हे ठरवेपर्यंत दहावा दिवस मावळला.

मल्हारला जामीन मिळाला, पण कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याला परत कोणी घेतलं नाही. आता तो एका पोल्ट्रीवर पक्ष्यांना खाद्य टाकतो आणि तिथंच खोलीत राहतो. आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो, जेवतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. बाळासोचं नाव त्याच्यासमोर कोणी काढत नाही. मध्यंतरी एकदा तो म्हणाला, "आई, खरंच गळत व्हता ना गं जॉइंट? का मलाच वाटत व्हतं?" मी म्हटलं, "गळत व्हता. खाली ओल व्हती." तो म्हणाला, "तू बघितलीस?" मी म्हटलं, "अकरा वेळा."

खटला दौंडच्या कोर्टात चालू आहे. दर तारखेला मी त्याच्याबरोबर जाते आणि मागच्या बाकावर बसते. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव नाही.